‘मा’चा ‘ध’: युक्रेन युद्धातला प्रचार, निर्बंध आणि बोलण्याची किंमत

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी आणि ती दंतकथा: हुकमात ‘धरावे’ असं होतं, कुणीतरी ‘ध’चा ‘मा’ केला. कथा खरी असो की मागाहून रचलेली, आपल्या भाषेला तिने एक वाक्प्रचार कायमचा देऊन टाकला.

२४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाच्या टीव्हीवर याच्या नेमकं उलटं घडलं. ‘मा’चा ‘ध’ झाला. रणगाडे सीमा ओलांडून युक्रेनमध्ये शिरत होते, किव्ह आणि खारकीव्हवर क्षेपणास्त्रं पडत होती, आणि अध्यक्ष व्लादिमिर पुतिन सांगत होते की आपण ‘विशेष लष्करी कारवाई’ सुरू केली आहे. दोनच दिवसांनी रोस्कोमनादझोर या माध्यमांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने संपादकांना तंबी दिली की ‘हल्ला’, ‘आक्रमण’, ‘युद्ध’ हे शब्द वापरायचे नाहीत. ४ मार्चला कायदाच आला. सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवली तर १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास. आणि खोटं कशाला म्हणायचं? संरक्षण खात्याच्या पत्रकात जे नाही ते खोटं.

लगेच रशियाला हसू नये. मराठवाड्यातली जुनी माणसं १९४८ च्या हैदराबादबद्दल बोलताना अजूनही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. तिथे भारतीय लष्कराच्या तुकड्या होत्या, रणगाडे होते, विमानं होती. पोलीस शोधावे लागले असते. त्या दिवसांत काय काय घडलं याचा सुंदरलाल समितीचा अहवालही कित्येक दशकं बाहेर आला नाही. नाव सौम्य ठेवायची सोय सगळ्याच सरकारांना आवडते. पुढचा प्रश्न असा असतो की ते नाव नाकारणाऱ्याचं काय होतं.

सेंट पीटर्सबर्गची साशा स्कोचिलेन्को ही चित्रकार. ३१ मार्च २०२२ ला तिने एका सुपरमार्केटमध्ये किमतीच्या काही चिठ्ठ्या काढल्या आणि तिथे तशाच दिसणाऱ्या आपल्या चिठ्ठ्या लावल्या. एकीवर लिहिलं होतं की युक्रेनच्या मारियुपोल शहरातल्या कलाशाळेवर रशियन सैन्याने बॉम्ब टाकला, आत सुमारे ४०० माणसं आसऱ्याला होती. दुकानातल्या एका वयस्कर गिऱ्हाइकाने तक्रार केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्कोचिलेन्कोला सात वर्षांची शिक्षा झाली. मॉस्कोतले नगरसेवक अलेक्सेई गोरिनॉव्ह यांनी तर रस्त्यावर काही केलंही नव्हतं. वॉर्डाच्या बैठकीत मुलांच्या चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, युक्रेनमध्ये रोज मुलं मरत असताना आपण कसल्या स्पर्धा भरवतोय? त्यांनाही सात वर्षं. कोरा कागद हातात धरून उभ्या राहिलेल्यांनासुद्धा पोलिसांनी उचललं, कारण कागदावर काय लिहायचं राहिलंय हे पोलिसांनाही ठाऊक होतं.

प्रचारयुद्ध समजून घ्यायचं तर टीव्हीवरचे आरडाओरडा करणारे निवेदक नंतर पाहावेत. आधी हे किमतीचे कागद पाहावेत. प्रचाराचा निम्मा भाग म्हणजे बोलणं, उरलेला निम्मा म्हणजे दुसऱ्याला गप्प बसवणं. मार्च २०२२ च्या त्या चार आठवड्यांत एको मॉस्क्वी हे रेडिओ स्टेशन बंद झालं, दोझ्द वाहिनी थांबली, फेसबुक आणि इन्स्टाग्राम अडवले गेले आणि शेवटी नोवाया गाझेता या वृत्तपत्राने छपाई थांबवली. त्याचे संपादक दमित्री मुरातोव्ह यांना आदल्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं होतं. त्यांनी जूनमध्ये ते पदक लिलावात काढलं आणि आलेले १० कोटी ३५ लाख डॉलर युद्धाने बेघर झालेल्या मुलांसाठी युनिसेफला दिले. एवढ्या सगळ्यात सरकारी पहिल्या वाहिनीच्या रात्रीच्या बातम्यांत, थेट प्रक्षेपणात, निवेदिकेच्या मागे फलक घेऊन उभी राहिलेली मरीना ओव्स्यान्निकोवा ही त्याच वाहिनीतली संपादक. फलकावर होतं: प्रचारावर विश्वास ठेवू नका, इथे तुमच्याशी खोटं बोलतात. पडद्यावर ती जेमतेम काही सेकंद दिसली.

आता उरलेला निम्मा भाग, म्हणजे बोलणं.

जुन्या पद्धतीचा प्रचार एकच गोष्ट हजारदा सांगायचा. ती पद्धत गेलेली नाही, पण तिच्या जोडीला दुसरी आली: एका घटनेच्या दहा कहाण्या एकदम सोडून द्यायच्या. त्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तरी चालतात. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर मलेशियाचं एमएच-१७ हे विमान पाडलं गेलं आणि २९८ माणसं मेली, तेव्हा ही पद्धत जगाने पहिल्यांदा नीट पाहिली. कधी युक्रेनच्या लढाऊ विमानाने पाडलं, कधी युक्रेनच्याच क्षेपणास्त्राने, कधी नेम पुतिन यांच्या विमानावर होता. डच न्यायालयाने २०२२ मध्ये तिघांना दोषी ठरवलं तोवर आठ वर्षं उलटली होती आणि सर्वसामान्य माणसाच्या डोक्यात एवढंच उरलं होतं की ‘त्याबद्दल बरेच वाद आहेत बुवा’.

बुचाचं उदाहरण जरा सविस्तर बघण्यासारखं आहे. किव्हच्या वायव्येला हे गाव. रशियन सैन्य महिनाभर तिथे होतं, मार्चअखेर निघून गेलं, आणि एप्रिलच्या सुरुवातीला पत्रकार आत शिरले तेव्हा याब्लोन्स्का रस्त्यावर साध्या कपड्यातली प्रेतं पडलेली होती, काहींचे हात मागे बांधलेले. रशियाचं म्हणणं आलं की हे नाटक आहे. मग आलं की एका व्हिडिओत प्रेताचा हात हलतोय. मग, ब्रिटिशांनी घडवून आणलं. मग, दंडावर पांढऱ्या पट्ट्या आहेत म्हणजे ती रशियाच्या बाजूची माणसं, युक्रेननेच मारली. बारकाईने बघा: प्रेतं खोटी असतील तर ती कुणी मारली हा प्रश्नच उरत नाही, आणि युक्रेनने मारली असतील तर ती खोटी नाहीत. दोन्ही दावे एकाच वेळी फिरत होते.

हलणारा हात म्हणजे गाडीच्या काचेवरून ओघळलेला पाण्याचा थेंब निघाला. आणि रशियाच्या दृष्टीने सगळ्यात अडचणीची साक्ष तारखेने दिली. रशियन संरक्षण खातं म्हणत होतं की आपले सैनिक ३० मार्चला बुचातून निघाले. मॅक्सार या कंपनीच्या उपग्रहाने मार्चच्या मध्यानंतर, म्हणजे रशियन सैन्य गावात असताना टिपलेल्या चित्रांत तीच प्रेतं त्याच जागी दिसत होती. तपासाला ना गुप्तहेर लागले ना फितूर. दोन तारखा शेजारी ठेवल्या, झालं.

पण हे स्पष्टीकरण किती जणांपर्यंत पोचलं? आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर तो ‘हात हलतोय’ व्हिडिओ आला होता. मी थेंबाचं सगळं लिहून टाकलं. त्यावर एका काकांचं उत्तर: ‘अगं, राजकारण आहे सगळं. दोघंही खोटं बोलतात.’ दहा कहाण्या सोडण्यामागचा हेतू त्या उत्तरात पूर्ण झाला. काकांनी रशियावर विश्वास ठेवावा अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. त्यांनी कंटाळून मान वळवावी, एवढंच हवं होतं.

काकांचं दुसरं वाक्य मात्र अगदीच चुकीचं नाही, आणि इथे प्रामाणिक राहायला हवं. युक्रेननेही युद्धात प्रचार केला, भरपूर केला. पहिल्याच दिवसांत ‘किव्हचं भूत’ नावाचा वैमानिक गाजला, एकट्याने सहा रशियन विमानं पाडणारा. त्याची म्हणून फिरलेली एक क्लिप संगणकावरच्या खेळातली होती. एप्रिलअखेर युक्रेनच्या हवाईदलानेच सांगून टाकलं की असा कुणी एक माणूस नाही, ती लोकांनी रचलेली वीरगाथा आहे. काळ्या समुद्रातल्या स्नेक बेटावर रशियन युद्धनौकेला शिवी हासडून मेले म्हणून ज्या सैनिकांना मरणोत्तर सन्मान जाहीर झाला, ते जिवंत निघाले, कैदेत होते. त्या शिवीचं पोस्टाचं तिकीट मात्र निघालंच. आणि तिकीट निघाल्यावर दोनच दिवसांत, १४ एप्रिलला, ती ‘मस्क्वा’ युद्धनौका खरोखर बुडाली. प्रचारकाने लिहिलं असतं तर संपादकाने ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून परत पाठवलं असतं.

आपले किती सैनिक मेले या आकड्याबाबत तर दोन्ही बाजूंनी झाकली मूठ सव्वा लाखाची. रशियाने सप्टेंबर २०२२ मध्ये ५,९३७ हा आकडा दिला आणि नंतर विषयच बंद केला. मेदियाझोना ही रशियन वृत्तसंस्था आणि बीबीसीची रशियन सेवा मग कबरी, स्थानिक बातम्या, शोकसंदेश यांतून एकेक नाव गोळा करत बसली. २०२५ च्या मध्यापर्यंत त्यांची यादी एक लाखावर गेली होती. युक्रेननेही सुरुवातीचे एक-दोन आकडे सोडले तर दोन वर्षं मौनच पाळलं. अध्यक्ष झेलेन्स्की यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये ३१,००० आणि डिसेंबरमध्ये ४३,००० असं सांगितलं, तेही अनेकांना कमी वाटलं. शिवाय युद्ध सुरू होताच युक्रेनच्या मोठ्या वाहिन्यांनी एकत्र येऊन चोवीस तास एकच बातमीपत्र चालवायला घेतलं. सुरुवातीला लोकांना त्याचा आधार वाटला. २०२४ येईपर्यंत जवळपास निम्म्या लोकांचा त्यावरचा विश्वास उडाला होता, कारण खंदकातून फोनवर घरचं माणूस वेगळंच सांगत होतं.

मग दोन्ही सारखेच? मला तसं वाटत नाही. भुताची गोष्ट युक्रेनच्या हवाईदलाने स्वतः मोडली. बुचाबद्दल रशियाने आजवर एक शब्द मागे घेतलेला नाही.

आणि आपणही काही काठावर बसून नव्हतो. युक्रेनमध्ये शिकणारे हजारो भारतीय विद्यार्थी ‘ऑपरेशन गंगा’तून परत आणले गेले, त्यांत महाराष्ट्रातली पुष्कळ मुलं होती. ते काम मोठंच होतं. पण त्याच्या जोडीने ‘भारताच्या मुलांसाठी रशियाने काही तास युद्ध थांबवलं’ ही बातमीही घरोघर पोचली. परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते अरिंदम बागची यांना पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्यांनी ते सरळ नाकारलं. आपल्यासाठी कुणी बॉम्बफेक थांबवली असं म्हणणं चूक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. हा खुलासा किती जणांनी पुढे पाठवला असेल, तुम्हीच ओळखा.

आता निर्बंध. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही त्यामागची कल्पना. रशियाचं नाक नेमकं कुठे कुठे दाबलं?

पहिलं, गंगाजळी. देशाची परकीय चलनाची गंगाजळी म्हणजे तळघरातल्या नोटांची थप्पी नव्हे. ती बहुतेक परदेशी रोख्यांत आणि परदेशी बँकांत असते. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे असे जवळपास ३०० अब्ज डॉलर पश्चिमी देशांनी गोठवले, त्यातला मोठा हिस्सा बेल्जियममधल्या युरोक्लिअर या संस्थेत. पैसा रशियाच्या नावावर आहे, पण हात लावता येत नाही. जप्त करून युक्रेनला का देत नाही, हा वाद तेव्हापासून चालू आहे. बेल्जियमला भीती अशी की उद्या कोर्टात रशिया जिंकला तर भरपाई आपल्यालाच द्यावी लागेल, आणि सौदी किंवा चीनही आपला पैसा युरोपातून काढून नेतील. म्हणून २०२४ मध्ये जी-७ या सात श्रीमंत देशांच्या गटाने मधला मार्ग काढला: मुद्दलाला हात लावायचा नाही, त्यावरच्या नफ्याच्या भरवशावर युक्रेनला ५० अब्ज डॉलरचं कर्ज द्यायचं.

दुसरं, स्विफ्ट. या शब्दाचा फार बाऊ केला जातो. गिरणगावातला कामगार कोकणात आईला मनिऑर्डर करायचा तेव्हा त्याने काउंटरवर दिलेल्या नोटा काही एसटीत बसून गावी जात नसत. जायचा तो फॉर्म. गावचा पोस्टमन आपल्या पोस्टातले पैसे मोजून द्यायचा. स्विफ्ट म्हणजे बँकांमधला तो फॉर्म, आणि तोही बेल्जियममधूनच चालतो. मार्च २०२२ मध्ये सात रशियन बँकांना यातून काढलं. गॅसचे पैसे ज्यातून यायचे ती गॅझप्रॉमबँक मात्र ठेवली, कारण युरोपला तो गॅस हवा होता. नाक दाबायचं, पण आपला श्वास अडकणार नाही इतपतच.

तिसरं, सुटे भाग आणि चिप. हे सगळ्यात शांतपणे चावलं. जून २०२२ मध्ये रशियातली लाडा कंपनी एअरबॅग आणि एबीएस नसलेली नवी गाडी विकायला लागली, कारण ते भाग येईनासे झाले. पण क्षेपणास्त्रांसाठी लागणाऱ्या चिप तुर्कस्तान, किर्गिझस्तान, हाँगकाँग अशा वळणांनी येत राहिल्या. युक्रेनमध्ये पडलेल्या रशियन क्षेपणास्त्रांत पश्चिमी कंपन्यांच्या चिप सापडतच राहिल्या.

आणि तेल. इथे जरा थांबू, कारण इथे आपला थेट संबंध येतो.

रशियाचं तेल बाजारातून एकदम काढून घेतलं तर जगात तेल भडकणार, आणि उरलेलं थोडं तेल विकूनही रशियाला जास्तच पैसे मिळणार. म्हणून ५ डिसेंबर २०२२ पासून जी-७ देशांनी वेगळीच युक्ती केली: तेल वाहू द्यायचं, पैसा आटवायचा. त्यासाठी हत्यार शोधलं ते जहाजाच्या विम्याचं. जहाजाने तेल सांडलं किंवा कुणाला धडक दिली तर भरपाई देणारा विमा जगातल्या सुमारे ९० टक्के जहाजवाहतुकीसाठी मोजके क्लब उतरवतात, आणि त्यांचं केंद्र लंडनच्या आसपास आहे. नियम असा केला की पिंपाला ६० डॉलरपेक्षा जास्त भावाने विकलेलं रशियन तेल असेल तर पश्चिमी विमा, पश्चिमी जहाज, पश्चिमी दलाल मिळणार नाही. स्वस्तात विका, मग खुशाल न्या.

रशियाने यावर जुनी, भंगारात जायच्या वयाची टँकर जहाजं गोळा केली. आज एका देशाचा झेंडा, उद्या दुसऱ्याचा. मालक कोण ते कागदोपत्री सापडत नाही. विमा कुणाचा ते विचारू नये. यालाच ‘सावली ताफा’ म्हणतात. पळवाट चालली, पण फुकट नाही: जहाजं विकत घ्यावी लागली आणि गिऱ्हाइकाला सवलत द्यावी लागली.

ते गिऱ्हाईक कोण? चीन आणि आपण. युद्धाआधी भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा एक-दोन टक्के होता, पुढे तो एक तृतीयांशाच्या वर गेला. आणि हे अमेरिकेच्या डोळ्यांआड झालं असं मुळीच नाही. अमेरिकेच्या अर्थमंत्री जॅनेट येलेन नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतात म्हणाल्या होत्या की भारत हवं तेवढं रशियन तेल घेऊ शकतो. मे २०२४ मध्ये राजदूत एरिक गार्सेटी म्हणाले, भारताने ते घेतलं कारण ठरलेल्या मर्यादेत कुणीतरी ते घ्यावं अशी आमचीच इच्छा होती. मग ऑगस्ट २०२५ मध्ये सरकार बदललेल्या अमेरिकेने त्याच खरेदीसाठी भारतावर २५ टक्के जादा आयात शुल्क लावलं, एकूण ५० टक्के, आणि ट्रम्प यांचे सल्लागार पीटर नवारो टीव्हीवर याला ‘मोदींचं युद्ध’ म्हणाले. तेल तेच, टँकर तेच, खरेदीदार तोच. २०२३ मध्ये त्याचं नाव ‘बाजार स्थिर ठेवणं’ होतं, २०२५ मध्ये ‘युद्धाला पैसा पुरवणं’ झालं. अक्षर बदलण्याची कला काही एकट्या मॉस्कोकडे नाही. भारताने उत्तरात अमेरिका स्वतः रशियाकडून अणुइंधनासाठीचं युरेनियम, पॅलेडियम आणि खतं घेते याची आठवण करून दिली. तेही खरंच होतं. मात्र स्वस्त तेलाचा फायदा आपल्या पेट्रोल पंपावर कितपत दिसला, याची चर्चा दोन्ही बाजूंनी सोयीस्कर टाळली. मला तरी स्कूटरची टाकी भरताना जाणवला नाही.

पैशांची गंमत तर आणखी वेगळी. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये परदेशी व्यापार रुपयांत करायची सोय काढली. पण रुपयांत विकलेल्या मालाचे रुपये रशियाने खर्चायचे कुठे? २०२३-२४ मध्ये भारताने रशियाकडून सुमारे ६१ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि रशियाला विकला जेमतेम सव्वाचार अब्जांचा. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेची बैठक गोव्यात भरली होती. तिथे रशियाचे परराष्ट्रमंत्री सर्गेई लावरोव्ह पत्रकारांना म्हणाले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठलेत आणि ते वापरता येत नाहीत, ही अडचण आहे. कपाटभर कुपनं आहेत, पण ती चालणाऱ्या दुकानात हवी ती वस्तू नाही, असलं ते दुखणं. यावर उपाय म्हणून अमिरातीचा दिरहम आला, रूबल आला.

आणि निर्बंध मुंबईच्या दारातही आले. नायरा एनर्जी या मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्ट या सरकारी तेल कंपनीचा ४९ टक्के हिस्सा आहे, तिचा कारखाना गुजरातेत वाडिनारला. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने तिला यादीत टाकलं आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या कर्मचाऱ्यांचे ईमेल बंद केले. पैसे भरलेली सेवा, भारतातली कंपनी, भारतात कसलाही निर्बंध नाही, तरी इनबॉक्स उघडेना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा परत सुरू झाली. तेलापेक्षा ही बातमी मला जास्त विचार करायला लावणारी वाटली.

निर्बंधांचा उपयोग झाला का? या प्रश्नाचं उत्तरच प्रचाराचं मैदान झालं. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन वॉर्साच्या भाषणात म्हणाले की रूबलची माती झाली. तोवर रूबल सावरायला लागला होता. जूनमध्ये तो युद्धाआधीपेक्षा भक्कम होता. युरोपियन आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायन यांनी सप्टेंबरात सांगितलं की रशियन सैन्य भांडी धुण्याच्या यंत्रांतून आणि फ्रिजमधून चिप काढतंय. रशियन वाहिन्यांना अशी वाक्यं हवीच असतात: बघा, काय म्हणाले होते आणि काय झालं!

पण भक्कम रूबल हेही अर्धसत्यच. बाहेरून वस्तू येणं आटलं, लोकांना पैसे बाहेर न्यायला बंदी घातली, निर्यातदारांना डॉलर आणून रूबलमध्ये बदलायला लावले. बाजारच बंद असला तर पाकीट जाड दिसतंच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एप्रिल २०२२ मध्ये रशियन अर्थव्यवस्था साडेआठ टक्के घसरेल म्हटलं होतं. ती घसरली दोन टक्क्यांच्या आत-बाहेर, आणि २०२३ मध्ये साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढली. वाढली कशाने? तोफगोळे बनवले तरी ते उत्पादनातच धरले जातात. दुसऱ्या दिवशी तो गोळा फुटून जातो हे त्या आकड्याला कळत नाही. बिल मग दुसरीकडून आलं. गॅझप्रॉम या सरकारी गॅस कंपनीला २०२३ मध्ये १९९९ नंतर पहिल्यांदा वार्षिक तोटा झाला. डिसेंबर २०२३ मध्ये एका निवृत्त बाईंनी थेट कार्यक्रमात अंड्यांच्या भावाची तक्रार केली आणि पुतिन यांनी चक्क माफी मागितली. दिलगिरी आली ती युद्धाबद्दल नव्हे, अंड्यांबद्दल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मध्यवर्ती बँकेचा व्याजदर २१ टक्क्यांवर गेला.

माझं मत विचाराल तर निर्बंध युद्ध थांबवत नाहीत, युद्ध महाग करतात. आपल्याला हे अनुभवाने कळायला हवं. मे १९९८ मध्ये पोखरणनंतर आपल्यावर निर्बंध आले, त्रास झाला, पण म्हणून कुणी बॉम्ब परत केला नाही. नेत्यांनी लोकांना ‘थांबेल’ असं सांगितलं आणि मिळालं ‘महाग होईल’. या दोन शब्दांतल्या फटीत रशियाचा प्रचार आरामात राहायला आला.

उरली ती लोकांची चर्चा. लेवादा ही रशियातली जुनी सर्वेक्षण संस्था. सरकारने तिला २०१६ मध्येच ‘परकीय हस्तक’ ठरवलं. तिच्या पाहण्यांत सैन्याला पाठिंबा देणारे सतत ७० टक्क्यांच्या वर दिसतात. पण कल्पना करा: अनोळखी नंबरवरून फोन, ‘कारवाईला तुमचा पाठिंबा आहे का?’ आणि चुकीच्या उत्तराला तुरुंग असू शकतो. त्याच पाहण्यांत शांततेची बोलणी व्हावीत म्हणणारेही निम्म्याहून जास्त निघतात. दुसरा प्रश्न धोक्याचा वाटत नाही, म्हणून त्याला मोकळं उत्तर येत असावं.

जर्मनीत उलटा प्रकार. तिथे शस्त्रं द्यावीत की नाही यावर लेखक-कलाकारांची अनावृत पत्रं निघाली, विरोधी पत्रं निघाली, शिव्याशाप झाले, कुणी आत गेलं नाही. मात्र मोकळ्या चर्चेलाही आपले कोपरे असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये ॲम्नेस्टी या मानवाधिकार संघटनेने म्हटलं की युक्रेनचं सैन्य शाळा आणि वस्त्यांमध्ये तळ ठोकून नागरिकांना धोक्यात घालतंय. एवढा गदारोळ झाला की ॲम्नेस्टीच्या युक्रेन शाखेच्या प्रमुखांनीच राजीनामा दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियातून समुद्राखालून जर्मनीला जाणारी नॉर्ड स्ट्रीम गॅसवाहिनी फुटली तेव्हा पश्चिमेत पहिलं बोट रशियाकडे गेलं. पुढे जर्मन तपास अधिकाऱ्यांनी वॉरंट काढली ती युक्रेनियन माणसांवर. ती पहिली बोटं मागे घेताना आवाज फार हळू होता.

युक्रेनमध्ये मार्शल लॉ आहे, सभांवर बंधनं आहेत, निवडणुका थांबलेल्या आहेत. तरी २२ जुलै २०२५ ला झेलेन्स्की यांनी भ्रष्टाचारविरोधी दोन संस्थांचं स्वातंत्र्य काढून घेणाऱ्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्याच रात्री किव्हमध्ये पोरं रस्त्यावर आली. हातात खोक्यांचे फाडलेले पुठ्ठे, त्यावर मार्करने लिहिलेल्या घोषणा, काहींवर चक्क शिव्या. रात्री ड्रोन यायचे, संध्याकाळी परत पुठ्ठे. ३१ जुलैला संसदेने ३३१ मतांनी संस्थांचे अधिकार परत दिले. विरोधात एकही मत नाही.

पुठ्ठ्यांचा विषय निघालाच आहे तर गोरिनॉव्ह यांचं राहिलेलं सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये रशिया आणि पश्चिमी देशांत कैद्यांची मोठी अदलाबदल झाली. साशा स्कोचिलेन्को सुटली. गोरिनॉव्ह यांचं नाव यादीत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये तुरुंगातल्या बोलण्यावरून त्यांच्यावर दुसरा खटला चालला आणि शिक्षा वाढली. साठी उलटलेला, फुप्फुसाचं ऑपरेशन झालेला हा माणूस कोर्टातल्या काचेच्या पिंजऱ्यात हाताने लिहिलेला एक कागद छातीशी धरून उभा होता. त्यावर लिहिलं होतं: ‘पुरे झालं मारणं. युद्ध थांबवू या.’